‘हाक’ प्रकल्प, उद्यमबाग (बेळगावची औद्योगिक वसाहत): कामाच्या नोंदी

३ जून

मालकांशी बोलणं झालं. काम असं: शॉपमधलं एखादं मशीन अडलं की ऑपरेटरनं बटण दाबायचं, लगेच शेडमधल्या सगळ्या टॉवर लॅम्पना लाल दिवा लागायचा आणि पाटीवर मशीनचा नंबर यायचा. सध्या मशीन अडलं की ऑपरेटर मेंटेनन्सवाल्यांना शोधत शेडभर फिरतो, तोवर जॉब चकमध्ये तसाच.

मालकांची एकच अट. ‘सर्व्हर-बिर्व्हर नको. तो एक बसला की सगळं बसतं.’ अट रास्त आहे. पावसाळा तोंडावर आलाय, उद्यमबागेत लाइटीचा खेळ चालू होईल.

तेव्हा प्रत्येक खांबावर एक डबा, आत रास्पबेरी पाय हा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक. सगळे डबे सारखे, मोठा-धाकटा कोणी नाही. बटण दाबलं की डबा यूडीपीवर (पोच न मागता पाकीट टाकून देणारी पद्धत) ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकच संदेश, टाकेल, बाकीचे ऐकतील. संदेशात मजकूर ठेवणार नाही, फक्त डब्याची ओळख, हाकेचा क्रमांक आणि कारणाचा कोड. कोडवरून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही ओळी ऐकणाऱ्या डब्यानंच तयार करायच्या. खानापूरकडची पोरं मराठी वाचतात, बैलहोंगलकडची कन्नड. पाटीवर दोन्ही हवं, त्यावर चर्चा नको.

५ जून

टेबलावर दोन डबे, एक नेटवर्क स्विच. पहिली अडचण लगेच. २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर पाठवायला गेलो तर लिनक्सनं ‘नेटवर्क अनरीचेबल’ म्हणून हात वर केले. कारण साधं आहे. हे नेटवर्क बाहेर कुठं जात नाही, त्यामुळे डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार) दिलेलाच नाही. सगळे बिट एक असलेला हा पत्ता कुठल्या नेटवर्क कार्डातून बाहेर काढायचा, हे लिनक्स राउटिंग टेबलाला (कुठलं पाकीट कुठून जायचं त्याच्या यादीला) विचारतं. टेबलात उत्तर नसेल तर पाठवणंच होत नाही. १९२.१६८.२०.२५५ हा सबनेटचा (आमच्या नेटवर्कपुरत्या पत्त्यांच्या गटाचा) ब्रॉडकास्ट पत्ता वापरला आणि काम झालं.

सॉकेटवर (प्रोग्रामचं नेटवर्ककडचं दार) ब्रॉडकास्टची परवानगी वेगळी मागावी लागते (एसओ-ब्रॉडकास्ट). नाही मागितली तर ‘परमिशन डिनाइड’. चुकून सगळ्या गावाला ओरडू नये म्हणून ठेवलेली ही कडी आहे. मला पटते.

जुना इतिहास जाता जाता: सगळे बिट एक म्हणजे ‘सगळ्यांना’ ही रीत जेफ्री मोगल यांच्या ऑक्टोबर १९८४ च्या आरएफसी ९१९ मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती लिहून ठेवणारे कागद). त्याच्या आदल्या वर्षीच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये ‘सगळ्यांना’ म्हणजे सगळे बिट शून्य. त्यामुळे बराच काळ दोन्ही तऱ्हेची मशीनं एकाच तारेवर नांदत होती.

६ जून

आता मुख्य प्रश्न. डबा क्रमांक १४ नं हाक टाकली. बाकीच्यांचे दिवे लागणार. १४ चा स्वतःचा दिवा कोण लावणार?

वाटा दोन. बटण दाबताच प्रोग्रामनं थेट दिवा लावायचा, किंवा आपलीच हाक आपल्याला ऐकू आली की इतरांसारखाच लावायचा. दुसरी वाट दिसायला देखणी: दिवा लावण्याचा कोड एकाच जागी राहतो. शिवाय दिवा लागला म्हणजे हाक गेली, असा फुकटचा पुरावाही हाती येतो, असं फोरमन म्हणाले. हा पुरावा खरा आहे का, ते आधी बघायचं ठरवलं.

करून बघितलं. प्रोग्राम ५०५० पोर्टवर ‘कुठलाही पत्ता’ला बांधलेला, म्हणजे मशीनच्या कुठल्याही पत्त्यावर आलेलं घेणारा. हाक टाकली, आणि तीच हाक त्याच सॉकेटवर परत आली. सोर्स म्हणून आपलाच आयपी.

मग टीसीपीडंप (कार्डावरून जाणारी-येणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावला. ईथरनेट कार्डावर एकच पाकीट दिसलं, बाहेर जाणारं. आत येणारं काही नाही. लूपबॅक कार्डावर (एलओ, मशीननं स्वतःशीच बोलायचं आभासी कार्ड) टीसीपीडंप लावला, तिथं शुकशुकाट. प्रोग्रामला मात्र पाकीट मिळालेलं. मग ते आलं कुठून?

७ जून

उलगडा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समध्ये आहे. ईथरनेट कार्ड स्वतः पाठवलेली फ्रेम (तारेवर जाणारं पाकीट) स्वतः उचलत नाही आणि स्विचही ज्या पोर्टमधून फ्रेम आली त्या पोर्टमधून ती परत पाठवत नाही. म्हणजे तारेवरून आपली हाक परत येण्याची सोयच नाही. पण आपल्याच मशीनवर दुसरा कोणी प्रोग्राम ऐकत असेल तर त्यालाही ‘सगळ्यांना’ मध्ये धरायला हवं. म्हणून पाकीट कार्डाकडे सोपवण्याआधी कर्नल त्याची एक प्रत काढतो, तिच्यावर ‘लूपबॅक’ असा शिक्का मारतो आणि ती आत येणाऱ्या पाकिटांच्या रांगेत ढकलतो. मूळ पाकीट तारेकडे जातं, प्रत घरातल्या घरात फिरते.

टीसीपीडंपला प्रत का दिसली नाही, तेही तिथंच कळलं. तो ज्या जातीच्या सॉकेटवर बसतो, तो सॉकेट हा शिक्का दिसला की पाकीट सोडून देतो, नाहीतर प्रत्येक ब्रॉडकास्ट दोनदा दिसला असता. आणि प्रत एलओ कार्डातून जातच नाही. तिच्यावर कार्डाचं नाव ईथरनेटचंच राहतं. हे शेवटचं वाक्य जाड अक्षरात लिहून ठेवायला हवं, पुढं फायरवॉलमध्ये लागणार आहे.

म्हणजे फोरमनचा पुरावा बाद. स्वतःची हाक स्वतःच्या कानाला ऐकू आली म्हणून ती पलीकडच्या बांधावर पोचली असं होत नाही.

९ जून

तरी फोरमनना डोळ्यांनी दाखवायचं होतं, म्हणून शेडमध्येच प्रयोग केला. १४ चा डबा ज्या छोट्या स्विचला आहे, त्या स्विचची मोठ्या स्विचकडं जाणारी केबल काढली. डब्याच्या पोर्टचा दिवा हिरवाच, कारण छोटा स्विच चालू. बटण दाबलं. पाठवण्याच्या कॉलनं ‘यश’ सांगितलं, १४ चा लाल दिवा झळकला. बाकी शेड शांत. मेंटेनन्सच्या कोपऱ्यात चहा चालू होता तो चालूच राहिला.

ऑपरेटरला वाटलं आपणच काहीतरी बिघडवलं. म्हणाला, ‘आमचा लागूलालाय की! तिकडं कोन बघत नाहीत त्याला मी काय करू?’

नेमकं हेच टाळायचंय. यंत्रणा मेली आहे आणि बटण दाबणाऱ्याला वाटतंय हाक गेली. दिवा लागलाच नसता तर तो निदान उठून गेला असता.

नंतर डब्याचीच केबल उपसून बघितली. थोडा वेळ तरीही दिवा लागत होता: पत्ता अजून कार्डावर, राउट जागेवर, प्रत घरात फिरते, मूळ पाकीट कार्डाच्या दाराशीच टाकलं जातं आणि कॉल म्हणतो सगळं ठीक. मग नेटवर्कमॅनेजर या लिनक्सच्या प्रोग्रामनं पत्ता काढून घेतला, तेव्हा कुठं ‘नेटवर्क अनरीचेबल’ आलं.

ठरलं ते असं. बटण दाबलं की स्वतःचा पिवळा दिवा लुकलुकेल, आणि तो प्रोग्राम थेट लावेल. हाक ऐकणारा प्रत्येक डबा पाठवणाऱ्याला पोच देईल, ब्रॉडकास्टनं नव्हे, थेट त्याच्या पत्त्यावर. मेंटेनन्सच्या कोपऱ्यातल्या डब्याची पोच आली की पिवळा जाऊन लाल स्थिर. पोच नाही आली तर पिवळा लुकलुकत राहील, आणि ऑपरेटरनं चालत जायचं. आपल्याच हाकेची कर्नलनं दिलेली प्रत प्रोग्राम ओळखेल आणि टाकून देईल.

१२ जून

‘ओळखेल’ म्हणणं सोपं. कशावरून ओळखायचं?

सोर्स आयपी आपलाच आहे का बघायचं, हे पहिलं सुचतं. पण डीएचसीपीनं (आपोआप पत्ते वाटणारी सोय) पत्ता बदलला की? डब्याला ईथरनेट आणि वायफाय दोन्ही चालू असले की? आपले सगळे पत्ते दर वेळी गोळा करत बसावं लागतं. नको.

दुसरं, मशीन-आयडी. लिनक्स प्रत्येक मशीनला एक देतो. पण आमची मेमरी कार्डं एकावरून क्लोन होणार, आणि क्लोन केलेल्या कार्डांवर मशीन-आयडीही तोच. मग प्रत्येक डबा दुसऱ्याची हाक ‘ही तर माझीच’ म्हणून कचऱ्यात टाकणार आणि शेडभर एकही दिवा लागणार नाही. पायच्या बोर्डाचा सीरियल नंबर मात्र चिपमध्ये आहे, कार्डाबरोबर फिरत नाही. ओळख म्हणून तोच घेतला.

हाकेचा क्रमांक डबा रीस्टार्ट झाला की पुन्हा एकपासून सुरू होतो, म्हणून सोबत सुरुवातीला काढलेला एक रँडम आकडा. पायला घड्याळाची बॅटरी नसते, तेव्हा वेळेवर भरवसा ठेवला नाही.

मल्टिकास्टचाही (सगळ्यांना नव्हे, गटात नाव घातलेल्यांनाच संदेश) विचार केला. २३९ नं सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी मोकळे आहेत, आणि मल्टिकास्टला ‘माझी प्रत मला नको’ सांगायचं बटण आहे. ब्रॉडकास्टला ते नाहीच. मोह होता. पण हे बटण लिनक्समध्ये पाठवणाऱ्या सॉकेटवर चालतं आणि विंडोजमध्ये ऐकणाऱ्या सॉकेटवर. ऑफिसमधली पाटी विंडोजवर आहे. एकाच नावाचा पर्याय दोन ठिकाणी दोन अर्थानं वागणार असेल, तर त्याच्या नादी न लागता क्रमांक तपासणं बरं. ब्रॉडकास्टच ठेवला.

१४ जून

ऑफिसच्या विंडोज पीसीवर पाटी चालली. तिथला प्रोग्राम स्वतःच्या आयपीला बांधला होता, तरी ब्रॉडकास्ट येत होते. तोच कोड डब्यावर टाकला तर मुका. लिनक्समध्ये सॉकेट एका आयपीला बांधला की त्याला फक्त त्या आयपीवर आलेलंच मिळतं, ब्रॉडकास्ट त्यात बसत नाही. दोन्हीकडं ‘कुठलाही पत्ता’ केलं. संपलं.

१९ जून

डब्यांवर फायरवॉल चढवली. एका तयार नियमावलीत थोडे फेरफार केले. लगेच लॉग भरायला लागला, आणि त्यातली एक ओळ बघून मेंटेनन्सच्या पोरानं विचारलं, ‘आपल्यावर कोन अटॅक करूलालाय काय?’ ओळीत इन म्हणजे ईथरनेट, आउट रिकामं, मॅक (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) रिकामं, सोर्स १९२.१६८.२०.१४, डेस्टिनेशन १९२.१६८.२०.२५५. आणि लॉग १४ च्याच डब्यावरचा. आपलाच पत्ता बाहेरून आत येतोय असं दिसतं खरं.

ही तीच कर्नलची प्रत. एलओ कार्डावरचं सगळं सोडा, असा नियम वर होता, पण प्रतीवर नाव ईथरनेटचं, म्हणून त्या नियमात ती बसत नाही. खाली ‘ईथरनेटवरून आपल्याच पत्त्याचं पाकीट आलं तर तोतया समजून टाका’ हा नियम, त्यात सापडली.

खूण रिकाम्या मॅकची. तारेवरून आलेल्या पाकिटाला ईथरनेटचं डोकं असतं, लॉगमध्ये मॅकचे आकडे येतात. ही प्रत तारेवर गेलीच नाही, तेव्हा डोकंही नाही. कुणाला असला लॉग दिसला तर घाबरण्याआधी मॅककडं बघावं.

आमचा प्रोग्राम प्रत टाकूनच देतो, त्यामुळे नियम तसाच ठेवला तरी बिघडत नव्हतं. पण त्याच डब्यावर पुढं ध्वनीचा वेगळा प्रोग्राम बसवायचाय, तोही ५०५० ऐकेल. म्हणून ५०५० ला तोतयाच्या नियमाच्या वर वाट करून दिली आणि लॉगची कटकट गेली.

२४ जून

पॅकिंगच्या कोपऱ्यापर्यंत केबल ओढायला जागा नाही, वर क्रेनचा गर्डर आहे. तिथला डबा वायफायवर.

वायफायवरची तऱ्हा वेगळी. डबा ब्रॉडकास्ट टाकतो तो आधी एकट्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडं जातो, त्याला पोच मिळते, नाही मिळाली तर पुन्हा पाठवला जातो. मग अ‍ॅक्सेस पॉइंट तो हवेत सगळ्यांसाठी एकदाच ओरडतो. त्या ओरडण्याला पोच नाही, पुन्हा पाठवणं नाही. पाठवणाऱ्या डब्याच्या अँटेनाला हे आपलंच ओरडणं खरोखर परत ऐकू येतं. केबलवर न घडणारी गोष्ट इथं रोज घडते. पण फ्रेममध्ये मूळ पाठवणाऱ्याचा मॅक असतो, तो आपलाच बघून चिपचं फर्मवेअर किंवा ड्रायव्हर ती गिळतो. प्रोग्रामपर्यंत पोचते ती पुन्हा कर्नलची घरगुती प्रतच.

याचा परिणाम उफराटा: पॅकिंगमधून निघालेली हाक बाहेर बऱ्यापैकी भरवशानं जाते, पण बाहेरची हाक पॅकिंगला कधी चुकते. पत्र्याची शेड, मधे कास्टिंगच्या जाळ्या, चुकणारच. उपाय म्हणून प्रत्येक हाक तीनदा टाकायची, मधे थोडं अंतर, क्रमांक तोच. दुसरी-तिसरी आली तर आधी ऐकलेली म्हणून सोडायची. पोच मात्र प्रत्येक वेळी द्यायची, कारण पहिली पोचही वाटेत पडलेली असू शकते.

२ जुलै

सकाळी फोन: सगळं नेटवर्क झोपलंय, बिलिंगसुद्धा. जाऊन बघतो तर मोठ्या स्विचचे सगळे दिवे एकदम भराभर उघडझाप करतायत. रात्री कुणीतरी लोंबकळणारी केबल ‘सुटलीय’ म्हणून मोकळ्या पोर्टात खोचली. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं.

ईथरनेटच्या फ्रेमला आयुष्य नसतं. आयपीत टीटीएल (उरलेल्या आयुष्याचा आकडा) असतो, प्रत्येक राउटरवर एकेक कमी होत मरतो, फ्रेमला तसं काही नाही. चक्रात एक ब्रॉडकास्ट शिरला की तो फिरतच राहतो, प्रत्येक फेरीत सगळ्या पोर्टांवर ओतला जातो. यासाठीच रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री काढला, जादा वाट ओळखून ती बंद ठेवणारा. आमचा स्विच स्वस्तातला, त्यात ते नाही. केबल उपसली, दोन क्षणांत सगळं निवळलं.

मला रस होता तो आमच्या डब्यांत. या गोंधळात एका हाकेच्या असंख्य प्रती प्रत्येक डब्यावर आपटल्या. क्रमांक तपासला जात असल्यानं दिवे शहाण्यासारखे वागले, पण प्रत्येक प्रतीला पोच द्यायचा नियम अंगाशी येत होता. डबे पोचांचा पाऊस पाडत होते. आता एका क्रमांकाला ठरावीक पोचा, पुढं गप्प.

आणि हाक मूळ ज्याची, त्या डब्यावर? मुद्दाम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वेगळ्या स्विचवर तसंच चक्र करून बघितलं. आपलीच हाक खरोखर तारेवरून परत आली, टीसीपीडंपमध्ये ढिगानं दिसली, मॅकसकट. प्रोग्रामला त्यातली एकही मिळाली नाही. कर्नल तारेवरून आलेल्या पाकिटात आपलाच पत्ता सोर्स म्हणून बघतो आणि त्याला ‘मार्शियन’, म्हणजे मंगळावरून आलेलं, ठरवून फेकतो. लॉगिंग चालू केलं तर ‘मार्शियन सोर्स’ अशा ओळी येतात. घरातल्या प्रतीची मार्शियन म्हणून तपासणी होत नाही, कारण तिची वाट पाठवतानाच ठरलेली असते.

ही फारच कामाची गोष्ट निघाली. सरळ नेटवर्कवर आपला पत्ता तारेवरून परत येऊच नये. आला तर एकतर चक्र पडलंय, नाहीतर दोन डब्यांना एकच आयपी दिलाय. सगळ्या डब्यांवर मार्शियनचं लॉगिंग चालू करून ठेवलं, आणि तशी ओळ दिसली की पाटीवर ‘केबल बघा’. ऑफिसला दोन ओळींत समजावलं. नवा स्विच स्पॅनिंग ट्रीवाला घ्यायला मालक कबूल झाले.

११ जुलै

मालकांची नवी मागणी: मच्छे गावातल्या दुसऱ्या युनिटमध्ये काही अडलं तर इथल्या ऑफिसात दिसायला हवं, आणि उलटही. दोन्हीकडच्या राउटरांत व्हीपीएन (दोन नेटवर्कं जोडणारी खाजगी वाट) आहे, पण तिकडचं सबनेट वेगळं, १९२.१६८.३०. ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या सबनेटच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर मुद्दाम पाठवलं तरी राउटर ते अडवतात. १९९९ च्या आरएफसी २६४४ नं तसं वागणं मूळ सेटिंग म्हणून ठरवून दिलं. स्मर्फ नावाच्या हल्ल्यांत याच दारानं लोकांची नेटवर्कं बुडवली जात होती. ते दार मी उघडणार नाही.

म्हणून दोन्हीकडं एकेक रिले डबा. इथला रिले इथल्या हाका ऐकून मच्छ्याच्या रिलेला थेट पाठवेल, तो तिकडं ब्रॉडकास्ट करेल. उलट दिशेनंही तसंच.

कागदावर काढतानाच खोच दिसली. मच्छ्याचा रिले हाक ब्रॉडकास्ट करतो, आणि कर्नल त्याची प्रत त्यालाच देतो. रिलेचं कामच मुळी ‘ऐकलं की पलीकडं पाठव’. तो ती इकडं पाठवणार, इकडचा ब्रॉडकास्ट करणार, त्याला त्याची प्रत, तो तिकडं. एका बटणाची हाक उद्यमबाग ते मच्छे अशी येरझारा घालत बसेल, नेटवर्कमध्ये कुठंही चक्र नसताना.

‘पाठवणारा मीच का’ ही तपासणी इथं पांगळी पडते, कारण संदेशातली ओळख मूळ डब्याची, रिलेची नाही. आणि ती बदलूनही चालत नाही, पाटीवर मूळ मशीनच दिसायला हवं. तेव्हा रिले दोन गोष्टी बघतो. ओळख, रँडम आकडा आणि क्रमांक मिळून ही हाक आधी ऐकली आहे का. आणि संदेशावर ‘पलीकडून आलेली’ असा एक बिट आहे का. बिट असला तर पुढं पाठवायची नाही, मग यादीत असो वा नसो. यादी मेमरीत असते, डबा रीस्टार्ट झाला की पुसली जाते. बिट संदेशाबरोबर फिरतो. म्हणून दोन्ही.

पोचेचंही ठरवावं लागलं. मच्छ्याच्या ऑपरेटरचा पिवळा दिवा इथल्या पोचेनं लाल व्हायला नको. तिथला मेंटेनन्सवाला उठला तरच त्याला अर्थ. पलीकडून आलेल्या हाकेला पोच नाही, फक्त पाटी.

१६ जुलै

दोन्ही रिले चालू. मच्छ्याच्या मशीनना १०१ पासून नंबर दिलेत, आणि इथल्या मेंटेनन्सवाल्यांना सांगून ठेवलंय की पाटीवर तीन आकडी नंबर आला तर चहा टाकून पळायचं नाही.